आहारविषयक विचारणा : टर्कीच्या मांसात नेमके काय असते?

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून टर्कीच्या मांसाविषयी आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न जोडले असून पत्रलेखकांची नावे प्रथेप्रमाणे दिलेली नाहीत. वेगळा उल्लेख नसेल तेथे सर्व आकडे शिजवलेल्या, हाडाविना आणि कातडी काढलेल्या १०० ग्रॅम मांसाचे आहेत, हे कृपया ध्यानात ठेवावे. या विषयातला निम्मा गोंधळ त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळेच होतो.

प्रश्न : आमच्या घरी आठवड्यातून दोनदा ब्रॉयलर आणि रविवारी बोकडाचे मटण असते. व्यायामशाळेत जाणारा मुलगा आता टर्की आणा म्हणून मागे लागला आहे. तिच्यात कोंबडीच्या दुप्पट प्रथिने असतात आणि चरबी अजिबात नसते, असे त्याचे म्हणणे आहे. हे खरे आहे काय? (राजारामपुरी)

उत्तर : टर्कीत प्रथिने भरपूर आणि चरबी कमी असते इतपत मुलाचे म्हणणे बरोबर आहे, ‘दुप्पट’ आणि ‘अजिबात नाही’ हे दोन्ही शब्द मात्र सोडून द्यावेत. टर्कीच्या छातीच्या भाजलेल्या मांसात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, २ ग्रॅम चरबी आणि १४७ उष्मांक असतात. कोंबडीच्या छातीच्या मांसात प्रथिने सुमारे ३१ ग्रॅम, चरबी साडेतीन ग्रॅमांच्या आसपास आणि उष्मांक १६५ असतात. प्रथिनांच्या बाबतीत दोघींत फरक नाही म्हटले तरी चालेल. चरबीतला दीड ग्रॅमाचा फरक म्हणजे चहाच्या चमच्याचा एक तृतीयांश भाग तेल, आणि फोडणी घालताना तेलाची बाटली किंचित अधिक कलली तरी तो भरून निघतो.

‘दुप्पट’ हा समज बहुधा कच्च्या आणि शिजलेल्या मांसाची सरमिसळ केल्यामुळे पसरतो. मांस शिजताना त्यातले पाणी निघून जाते आणि १०० ग्रॅम कच्च्या मांसाचे ७० ते ७५ ग्रॅम उरते. प्रथिने बहुतांशी तेवढीच राहतात, पण ती कमी वजनात एकवटतात. कोंबडीच्या कच्च्या मांडीत १०० ग्रॅममागे जेमतेम २० ग्रॅम प्रथिने असतात. एका रकान्यात हा आकडा आणि शेजारच्या रकान्यात भाजलेल्या टर्कीचे ३० ग्रॅम मांडले, की टर्की एकदम दीडपट सरस दिसू लागते. शिवाय आपण बाजारातून मांस आणतो ते हाडासकट. किलोभर वजनातून हाडे आणि शिजताना आकसण्यात गेलेला भाग वजा केला, तर खाण्याजोगे शिजलेले मांस साधारण निम्मे उरते. म्हणून किलोचा भाव न पाहता शिजलेल्या मांसाचा भाव काढून पाहावा. त्या हिशेबात टर्की ब्रॉयलरपेक्षा महागच पडते, आणि जादा पैशांच्या बदल्यात जादा पोषण फारसे पदरात पडत नाही.

बोकडाच्या मटणाबद्दल आपण विचारलेले नाही, परंतु कोल्हापुरात ते टाळून उत्तर पुरे होणार नाही. चरबी काढलेल्या बोकडाच्या मांसात सुमारे २७ ग्रॅम प्रथिने, ३ ग्रॅम चरबी आणि १४३ उष्मांक असतात, आणि लोह ३.७ मिलिग्रॅम असते. टर्कीच्या छातीत लोह पाऊण मिलिग्रॅमाहूनही कमी आहे. मटणाला जडपणाचा जो लौकिक मिळाला आहे, तो चापेवरच्या चरबीचा, वर तरंगणाऱ्या कटाचा आणि वाटण परतताना ओतलेल्या तेलाचा आहे. मुलाला टर्की आवडत असेल तर अधूनमधून अवश्य आणावी. परंतु रविवारचे मटण बंद करून तिला त्या जागी बसवण्याचे आहारशास्त्रीय कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आमचे धाकटे चिरंजीव एकोणीस वर्षांचे असून तालमीत राहतात. वजन ८० किलो आहे. वस्तादांनी ठरवून दिलेल्या खुराकात रोज दीड लिटर म्हशीचे दूध, चार अंडी, बदामाची थंडाई, भाकरी-डाळ आणि आठवड्यातून चार दिवस मटण आहे. सोबतचे काही पैलवान टर्की खातात. आम्हीही सुरू करावी काय? (गंगावेस)

उत्तर : आधी त्यांच्या खुराकाचा हिशेब मांडू. निरोगी प्रौढ माणसाला रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. कठोर मेहनत करणाऱ्या खेळाडूंसाठी हे प्रमाण किलोमागे १.४ ते २ ग्रॅम धरतात. त्यानुसार चिरंजीवांची गरज रोजची ११२ ते १६० ग्रॅम येते. दीड लिटर म्हशीच्या दुधातून त्यांना ५५ ग्रॅमांच्या आसपास, चार अंड्यांतून २५ आणि भाकरी, डाळ व बदामांतून किमान ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे मटण नसलेल्या दिवशीही ते ११० च्या घरात असतात. मटणाच्या दिवशी दीडशे ग्रॅम शिजलेले मांस खाल्ले, तर हा आकडा दीडशेपर्यंत पोहोचतो. कट्ट्यावर समोर काढून दिलेले धारोष्ण दूध पिण्याची आपल्या गावाची जी रीत आहे, ती प्रथिनांच्या बाबतीत पैलवानांना कधी उपाशी ठेवत नाही.

तेव्हा या खुराकावर टर्कीची भर घालण्याची गरज नाही. एका परिस्थितीत मात्र तिचा खरा उपयोग होतो. कुस्ती वजनी गटात लढायची असेल आणि दोन-तीन किलो चरबी उतरवायची असेल, तर दुधातली चरबी आडवी येते: दीड लिटर म्हशीच्या दुधात सुमारे १०० ग्रॅम चरबी असते आणि तिचेच ९०० उष्मांक होतात. अशा काळात निम्मे दूध कमी करून त्याच्या जागी टर्कीच्या किंवा कोंबडीच्या छातीचे शंभर ग्रॅम शिजलेले मांस घेतले, तर प्रथिने कमी होत नाहीत, उलट थोडी वाढतात, आणि चरबी पन्नास ग्रॅमांनी घटते. दूध कमी केल्याने कॅल्शियमही कमी होते, कारण मांसात ते नगण्य असते. म्हणून दूध पूर्ण बंद करू नये. भाकरी आणि भातही तोडू नयेत, कारण जोर-बैठका आणि लढतीसाठी लागणारे इंधन पिष्टमय पदार्थांतून येते आणि टर्कीत पिष्ट शून्य आहे.

एका बैठकीत पाव किलो मांस खाण्याऐवजी प्रथिने दिवसातल्या चार-पाच खाण्यांत, दर वेळी २५ ते ४० ग्रॅम अशी विभागून घेतल्यास स्नायूंना त्यांचा उपयोग अधिक होतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

प्रश्न : आम्ही परसात आठ-दहा टर्की पाळल्या आहेत. त्यांच्या तंगडीचे मांस लालसर व छातीचे पांढरट का असते, आणि त्यातले चांगले कोणते? मोकळ्या फिरणाऱ्या टर्कीचे मांस जास्त पौष्टिक असते काय? (पन्हाळा तालुका)

उत्तर : टर्की दिवसभर चालते आणि उडते क्वचित. सतत काम करणाऱ्या पायांच्या स्नायूंना प्राणवायूचा साठा जवळ लागतो; तो धरून ठेवणारे मायोग्लोबिन नावाचे लोहयुक्त प्रथिन तेथे जास्त असते आणि त्याचाच तो लाल रंग आहे. छातीचे स्नायू घटकाभराच्या झेपेसाठी घडलेले असल्याने त्यांना तेवढा साठा लागत नाही. रंगातला हा फरक पोषणातही उतरतो. तंगडी-मांडीच्या मांसात प्रथिने २७-२८ ग्रॅम, चरबी सुमारे ६ ग्रॅम आणि उष्मांक १७३ असतात. म्हणजे ते छातीपेक्षा थोडे स्निग्ध. पण लोह दुप्पट, म्हणजे १.४ मिलिग्रॅम, जस्तही जवळपास दुप्पट आणि ब-१२ जीवनसत्त्वही अधिक असते. छातीच्या बाजूने सांगायचे तर नायासिन आणि ब-६ ही जीवनसत्त्वे तिच्यात जास्त असतात. सेलेनियम दोन्हींत चांगले आहे.

वजन उतरवणाऱ्याने छाती निवडावी; वाढती मुले, स्त्रिया आणि रक्त कमी असणारी माणसे यांच्यासाठी मी तंगडी निवडेन. पांढरे मांस ते चांगले आणि लाल ते वाईट, ही समजूत पाश्चात्त्य आहारपुस्तकांतून आपल्याकडे आली. तिचा रोख गाय आणि डुकराच्या मांसावर होता. टर्कीच्या तंगडीला ती लावणे अन्यायाचे आहे.

मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्याचे मांस घट्ट आणि चवीला गडद असते, आणि त्याच्या चरबीचा प्रकार खाद्यानुसार काहीसा बदलतो. शंभर ग्रॅममागच्या प्रथिनांत मात्र लक्षणीय फरक पडत नाही. आपल्या पक्ष्यांचे मोल चवीत आणि आपण स्वतः घातलेल्या खाद्यात आहे. गिऱ्हाइकाला तेच सांगावे.

प्रश्न : मामंजींची अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितल्यावर त्यांनी टर्कीचा पांढरा रस्सा सुरू केला असून ‘आता दोन वाट्या जास्त चालतील’ असे ते म्हणतात. चालतील काय? (ताराबाई पार्क)

उत्तर : टर्की चालेल, जादा दोन वाट्या चालणार नाहीत. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत टर्की, कोंबडी आणि बोकड यांच्यात मोठे अंतर नाही. तिन्हींत ते ७५ ते ८५ मिलिग्रॅमांच्या आसपास, आणि तंगडीत थोडे अधिक असते. रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम जास्त होतो. टर्कीच्या छातीत ती एक ग्रॅमाहूनही कमी आहे. पण पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा असतो, आणि घट्ट नारळाच्या दुधात १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम चरबी असून तिच्यातली २१ ग्रॅम संपृक्त असते. काजू, तीळ आणि खसखशीच्या वाटणाचे उष्मांक आणखी वेगळे. मामंजींनी मांस बदलले आणि त्याची आमटी तीच ठेवली. त्यांच्या हृदयाला यातून फारसे काही मिळाले नाही.

अळणी पाण्यावर, म्हणजे मसाला न घालता मांस शिजवलेल्या पाण्यावर, आलेली चरबी काढून टाकून, नारळाचे दूध पातळ व निम्मे घेऊन आणि मीठ हात राखून घालून रस्सा केला, तर एक वाटी अधूनमधून घेण्यास हरकत नसावी. तरीही त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. टर्की कातडीसकट शिजवू नये, कारण तिच्या चरबीचा मोठा भाग कातडीत आणि तिच्या लगतच असतो.

प्रश्न : मला यूरिक अ‍ॅसिडचा त्रास आहे. मटण बंद करून टर्की खाल्ली तर चालेल काय? (शाहूपुरी)

उत्तर : यूरिक अ‍ॅसिड ज्या प्युरिन नावाच्या द्रव्यांपासून तयार होते, ती टर्कीतही चांगलीच असतात. मटणाऐवजी टर्की एवढ्याच बदलाने सांधा दुखायचा थांबणार नाही. त्रास उसळलेला असताना टर्कीही टाळावी आणि एरवी शिजलेले ७० ते १०० ग्रॅम मांस, तेही रोज नव्हे, अशी मर्यादा ठेवावी.

आपल्याकडच्या जेवणाच्या रीतीमुळे येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. मांस पाण्यात उकळताना त्यातल्या प्युरिनांचा बराच भाग पाण्यात उतरतो. जो माणूस ‘मी फोडी खात नाही, नुसता रस्सा पितो’ असे म्हणून वाटीवर वाटी तांबडा-पांढरा रिचवतो, तो नेमका नको तो भाग पोटात घालत असतो. आपल्यासाठी उलटे बरे: उकळून पाणी टाकून दिलेल्या मांसाच्या दोन फोडी घ्याव्यात आणि रस्सा इतरांना सोडावा. बिअर आणि गोड शीतपेये यांचाही वाटा मोठा असतो. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून येथे केला.

प्रश्न : ‘सगळे सत्त्व अळणीत उतरते, फोडी चोथा असतात’ असे आमच्या सासूबाई म्हणतात. बाळंतिणीला टर्कीचे नुसते अळणी द्यावे काय? (करवीर तालुका)

उत्तर : अळणीत मीठ, काही क्षार, पाण्यात विरघळणारी नायासिन व ब-६ सारखी जीवनसत्त्वे आणि हाडांतून सुटलेले जिलेटिन उतरते, ते रुचकर असते आणि त्याने पाणीही पोटात जाते. प्रथिनांचा फार मोठा भाग मात्र फोडींतच राहतो. जिलेटिन हे प्रथिन असले तरी अपुरे आहे, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. सासूबाईंचे अळणी जरूर द्यावे, आणि त्यात बोटांनी सुटे केलेले मऊ मांस घालून द्यावे.

प्रश्न : सूनबाईंना पाचवा महिना आहे आणि हिमोग्लोबिन कमी आहे. टर्कीने रक्त वाढेल काय? (कागल)

उत्तर : एकट्या टर्कीने नाही. गर्भवतीला रोज सुमारे २७ मिलिग्रॅम लोह लागते आणि टर्कीच्या तंगडीतून १०० ग्रॅममागे १.४ मिलिग्रॅम मिळते. मांसातले लोह शरीरात चांगले शोषले जाते आणि त्याच जेवणातल्या भाकरी, कडधान्ये व पालेभाज्यांतले लोह शोषायलाही मांस मदत करते, हा त्याचा खरा फायदा. त्यामुळे थोडे मांस, भाकरी, मेथी आणि लिंबाची फोड असे ताट उपयोगी पडते. जेवणानंतर तासभर चहा टाळावा. बोकडाच्या मटणात लोह टर्कीहून जास्त असल्याने या कामासाठी तेच अधिक बरे. काळीज लोहाने समृद्ध असले तरी त्यातल्या अति अ-जीवनसत्त्वामुळे गर्भारपणात सांभाळून राहावे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या कोणत्याही मांसासाठी थांबवू नयेत. थंडच खाल्ले जाणारे डबाबंद व तयार मांस या काळात नकोच.

प्रश्न : टर्की खाल्ल्यावर झोप येते, हे खरे काय? (इचलकरंजी)

उत्तर : टर्कीतल्या ट्रिप्टोफॅनचा असा बोलबाला आहे खरा, पण तेवढेच ट्रिप्टोफॅन कोंबडीतही असते आणि कोंबडी खाऊन कोणी झोपेची तक्रार करत नाही. मेंदूत शिरण्यासाठी त्याला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, आणि मांसात तीही भरपूर असतात. अमेरिकेत टर्की सणाच्या भरगच्च जेवणात खातात. झोप त्या जेवणाची असते. आखाडातल्या जत्रेच्या जेवणानंतर आपल्याकडे घरोघर जे दृश्य दिसते, त्याला टर्की लागत नाही.

प्रश्न : हा परदेशी पक्षी आपल्या प्रकृतीला मानवतो काय? तो उष्ण असतो काय? (कसबा बावडा)

उत्तर : टर्की मूळची अमेरिका खंडातली आणि माणसाळली ती मेक्सिकोच्या परिसरात. मुघल बादशहा जहांगीराकडे १६१२ मध्ये गोव्याहून टर्की आणली गेली होती, म्हणजे ती आपल्याकडे अगदीच नवखी नाही. आणि ज्या मिरचीवाचून आपला तांबडा रस्सा होत नाही, तीही त्याच खंडातून पोर्तुगिजांबरोबर आली. उष्ण-थंड हे मोजमाप आधुनिक आहारशास्त्रात नाही. प्रथिने पचवताना शरीर काहीशी जास्त उष्णता निर्माण करते. ते कोंबडी, अंडी आणि मटणालाही तितकेच लागू आहे. पहिल्यांदा खाताना थोडे खाऊन पाहावे, इतकी काळजी पुरेशी आहे.

प्रश्न : टर्कीचे अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा चांगले काय? (गडहिंग्लज)

उत्तर : मोठे आहे. सुमारे ८० ग्रॅमांच्या एका अंड्यात ११ ग्रॅमांच्या आसपास प्रथिने आणि १३५ उष्मांक असतात. कोंबडीच्या अंड्यात ६ ग्रॅम आणि ७२. कोलेस्टेरॉल मात्र ७०० मिलिग्रॅमांच्या पुढे जाते, कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ चौपट. हृदयरोग्यांनी व मधुमेहींनी त्याचा पिवळा भाग टाळावा. टर्की कोंबडीच्या मानाने अंडी बरीच कमी घालते, त्यामुळे पाळणारे ती खाण्यापेक्षा उबवायला ठेवतात, हे शहाणपणाचेच आहे.

प्रश्न : विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो. स्वयंपाकाची सोय नाही. टर्कीचे सलामी व हॅम रोज खाल्ले तर प्रथिने मिळतील ना? (सागरमाळ परिसर)

उत्तर : मिळतील, पण ताज्या मांसापेक्षा कमी, आणि सोबत मीठ फार येईल. अशा तयार कापांत १०० ग्रॅममागे अनेकदा एक ग्रॅमाच्या जवळपास सोडियम असते, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेल्या पाच ग्रॅमांच्या मर्यादेतले निम्मे. प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक घटकांत केला, आणि खारवणे, धुरावणे वा नायट्राइट घालणे या प्रक्रिया टर्कीवर झाल्या तरी तिला त्यातून सूट मिळत नाही. रोजच्यासाठी उकडलेली अंडी, दूध, फुटाणे आणि शेंगदाणे यांवर भर द्यावा.

प्रश्न : टर्की घरी कशी शिजवावी, म्हणजे पोषण टिकेल आणि मांस चिवटही होणार नाही? (अनेक वाचक)

उत्तर : छाती आणि तंगडी एकाच पातेल्यात एकाच वेळी घालू नयेत. तंगडी-मांडीला वेळ लागतो, म्हणून ती रश्श्याला घ्यावी. छातीत चरबी फार कमी असल्याने ती जास्त शिजली की दोरे सुटल्यासारखी कोरडी होते; तिचे लहान तुकडे दही, आले-लसूण आणि थोड्या कांदा-लसूण चटणीत तासभर मुरवून, वाटण पूर्ण परतून झाल्यावर शेवटी टाकावेत आणि सुके करावे. मुलांसाठी मांडीचा खिमा सोपा पडतो. तेल चार माणसांना तीन-चार चहाचे चमचे पुरते. कट आलाच पाहिजे असा आग्रह असेल, तर पोषणाचे आकडे विसरून जेवावे.

मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापले पाहिजे. तापमापक नसेल तर हाडाजवळ सुरी खुपसून पाहावी: रस स्वच्छ यावा, गुलाबी नको. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. गोठवलेली अख्खी टर्की ओट्यावर ठेवून सुटी करू नये. ती फ्रिजमध्येच, दर दोन-सव्वादोन किलोंमागे एक दिवस धरून सुटी करावी. पाच किलोंचा पक्षी रविवारी दुपारी शिजवायचा असेल, तर तो शुक्रवारी सकाळीच फ्रीजरमधून खाली काढून ठेवावा लागेल.